डॉन स्टर्जेस इन्क्वायरी: कुणालाच शिक्षा न देणारी चौकशी कशासाठी असते?



बातम्यांमध्ये काही शब्द आपण रोज ऐकतो, पण त्यांचा नेमका अर्थ कुणी विचारला तर अडखळतो. त्यातलाच एक शब्द आज घेऊया: पब्लिक इन्क्वायरी. ग्रेनफेल टॉवरची आग, पोस्ट ऑफिसच्या होरायझन प्रणालीने उद्ध्वस्त केलेले सबपोस्टमास्तर, कोविडची साथ, या सगळ्यांसाठी इथे ब्रिटनमध्ये अशा चौकश्या बसल्या. आपल्याकडच्या चौकशी आयोगासारखाच हा प्रकार. १९९२-९३च्या मुंबई दंगलींनंतरचा श्रीकृष्ण आयोग अनेकांना आठवत असेल. तेव्हा जो प्रश्न विचारला गेला, तो इथेही विचारला जातो. आयोग कुणाला तुरुंगात पाठवत नाही, दंड करत नाही, मग एवढा खटाटोप कशाला?

उत्तरासाठी एकच चौकशी नीट बघूया. तिचं नाव डॉन स्टर्जेस इन्क्वायरी. तिचा अहवाल ४ डिसेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाला.

स्टोनहेंज बघायला आपल्यापैकी बरेच जण गेले असतील. त्याच्या जवळचं गाव म्हणजे एम्सबरी आणि तिथून आठेक मैलांवर उंच कळसाच्या कॅथीड्रलचं शहर सॉल्सबरी. ४ मार्च २०१८ रोजी, रविवारी दुपारी, सॉल्सबरीतल्या एका बाकावर दोन माणसं बेशुद्ध सापडली. सर्गेई स्क्रिपाल आणि त्यांची मुलगी युलिया. सर्गेई हे रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याचे, म्हणजे जीआरयूचे, माजी अधिकारी. ते ब्रिटनसाठी हेरगिरी करत होते. रशियात पकडले गेले, शिक्षा झाली आणि २०१० साली हेरांच्या अदलाबदलीत ते ब्रिटनला आले. त्यांच्या घराच्या दाराच्या मुठीला विष फासलेलं होतं. विषाचं नाव नोविचोक. बाप-लेक दोघंही वाचले. त्यांच्या घरी गेलेले पोलिस अधिकारी निक बेली हेही गंभीर आजारी पडले, पण वाचले.

त्यानंतर जगभर गदारोळ झाला. ब्रिटनने २३ रशियन मुत्सद्द्यांना घरी पाठवलं, इतर अनेक देशांनीही तेच केलं. सॉल्सबरीत संरक्षक पोशाख घातलेली पथकं महिनोन् महिने साफसफाई करत राहिली.

आणि मग, चार महिने व्हायच्या आत, ३० जून २०१८ रोजी एम्सबरीतल्या एका घरात डॉन स्टर्जेस नावाची बाई कोसळली. वय ४४, तीन मुलांची आई. तिचा मित्र चार्ली राउली याला एक खोका सापडला होता. वरून नामांकित अत्तराचा, आत बाटली. त्याने तो तिला भेट दिला. तिने दोन्ही मनगटांवर फवारा मारला, आपण सगळेच मारतो तसा. बाटलीत अत्तर नव्हतं, नोविचोक होतं. ८ जुलैला सॉल्सबरीच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. चार्लीही ३० जूनलाच आजारी पडला होता. तो वाचला.

आता हे विष करतं काय, ते समजून घेऊ, कारण पुढच्या एका मोठ्या चुकीचं मूळ तिथेच आहे.

मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचतो तो मज्जातंतूच्या टोकाशी सुटणाऱ्या एका रसायनामार्फत, असिटिलकोलीनमार्फत. हुकूम पोचला की ते रसायन लगेच पुसलं जावं लागतं. फळ्यावरचं पुसल्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही, तसंच. पुसण्याचं काम एक विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. नर्व्ह एजंट त्या विकरालाच जखडून टाकतं. मग हुकूम थांबतच नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घाम आणि लाळ थांबत नाही, स्नायू थडथडतात आणि शेवटी श्वास बंद पडतो.

महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यांत काम केलेल्या डॉक्टरांना ही लक्षणं नवी नाहीत. शेतात फवारली जाणारी ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं याच विकरावर घाला घालतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकऱ्यांना विषबाधा झाली, त्या बातम्या आपण वाचल्या होत्या. दोन्हीकडे पहिलं औषध एकच असतं, अ‍ॅट्रोपिन. फरक आहे तो ताकदीचा. नोविचोकचा थेंबभर अंशही पुरतो. चौकशीपुढे सांगण्यात आलं की त्या एका बाटलीत हजारो माणसं मारता येतील एवढं विष होतं.

आता ती चूक. टाचणीएवढ्या बाहुल्या आणि मंदावलेला श्वास ही हेरॉइनसारख्या अमली पदार्थांच्या अतिसेवनाचीही खूण असते. डॉन बेघरांसाठीच्या वसतिगृहात राहायची, तिला दारूचा त्रास होता. पोलिसांनी तर्क बांधला आणि ४ जुलैला जाहीरही केला, की या दोघांनी बहुधा भेसळीचे अमली पदार्थ घेतले असावेत. त्याच रात्री सांगावं लागलं की हे नोविचोक आहे. डॉनवरचा शिक्का मात्र पुसला गेला नाही. आपल्या समाजात एखाद्या बाईबद्दल एकदा शब्द गेला की तो तिच्या आईबापांना आणि मुलांना किती वर्षं ऐकावा लागतो, हे वेगळं सांगायला नको. इथेही तसंच झालं.

आता वळूया कायद्याकडे. इंग्लंडमध्ये अनैसर्गिक मृत्यू झाला की कॉरोनर इन्क्वेस्ट घेतात. मुंबईतही एकेकाळी कॉरोनरचं न्यायालय होतं, जुन्या मुंबईकरांना ते ठाऊक असेल. कॉरोनर चार गोष्टी ठरवतात: मेलं कोण, कधी, कुठे आणि कसं. यातला ‘कसं’ हा शब्द फार फसवा आहे. डॉन कशी मेली? नोविचोकने, एवढं उत्तर पुरे आहे का? की ते विष कुणी बनवलं, कुणाच्या हुकमाने इथे आणलं, कुणी टाकून दिलं, हेही ‘कसं’मध्येच येतं?

विल्टशरच्या कॉरोनरांनी २०१९च्या डिसेंबरमध्ये ठरवलं की दोन संशयितांच्या कृत्यांपलीकडे, रशियन सरकारच्या जबाबदारीपर्यंत, आपण जाणार नाही. डॉनच्या कुटुंबाने याला हायकोर्टात आव्हान दिलं. जुलै २०२०मध्ये हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला. पुढे हे काम बॅरोनेस हॅलेट यांच्याकडे आलं. याच हॅलेटबाई पुढे कोविड चौकशीच्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्या लक्षात आलं की गुप्तहेर खात्यांची कागदपत्रं इन्क्वेस्टमध्ये विचारात घेताच येत नाहीत. म्हणून त्यांनी सरकारला सांगितलं, याचं रूपांतर पब्लिक इन्क्वायरीत करा. नोव्हेंबर २०२१मध्ये सरकारने ते मान्य केलं आणि सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश लॉर्ड ह्यूज अध्यक्ष झाले.

२००५च्या इन्क्वायरीज अ‍ॅक्टखाली बसलेल्या अशा चौकशीला तीन गोष्टी करता येतात. साक्षीदारांना हजर राहायला आणि कागद द्यायला भाग पाडता येतं. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तिथे बंद दाराआड पुरावा बघता येतो. आणि मृताच्या कुटुंबाला मुख्य पक्षकार म्हणून बसवून त्यांच्या वकिलांना प्रश्न विचारू देता येतात. एक गोष्ट मात्र करता येत नाही. दिवाणी किंवा फौजदारी दोष ठरवणं तिच्या अखत्यारीत नाही. कायद्यातच तसं लिहिलंय.

उघड सुनावणी १४ ऑक्टोबर २०२४ रोजी सॉल्सबरीच्या गिल्डहॉलमध्ये सुरू झाली, पुढे लंडनला हलली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला संपली. सर्गेई स्क्रिपाल सुरक्षेच्या कारणाने प्रत्यक्ष आले नाहीत, त्यांचं लेखी म्हणणं नोंदवलं गेलं.

अहवालात काय सापडलं? पहिली गोष्ट, जीआरयूच्या पथकाने स्क्रिपाल यांना मारण्यासाठी विष आणलं, वापरलं आणि ती बाटली सॉल्सबरी परिसरात कुठेतरी टाकून दिली. ते कृत्य आणि डॉनचा मृत्यू यांच्यात सरळ साखळी आहे. दुसरी गोष्ट, एवढी मोठी कारवाई सर्वोच्च पातळीवरच्या मंजुरीशिवाय, म्हणजे राष्ट्राध्यक्ष पुतिन यांच्या मंजुरीशिवाय, झालेली असू शकत नाही. डॉनच्या मृत्यूची नैतिक जबाबदारी पुतिन यांच्यासह त्या कारवाईत सामील असलेल्या सगळ्यांवर आहे. रशियाने सगळे आरोप पहिल्यापासून फेटाळले आहेत. तिसरी गोष्ट, डॉनने घेतलेला डोस इतका मोठा होता की कुठल्याही उपचाराने ती वाचली नसती. म्हणजे रुग्णवाहिकेतल्या आणि रुग्णालयातल्या माणसांच्या मनावरचं एक ओझं उतरलं.

पण अहवाल फक्त मॉस्कोकडे बोट दाखवून थांबला नाही. ब्रिटिश यंत्रणेकडून स्क्रिपाल यांच्या सुरक्षेच्या बाबतीत उणिवा राहिल्या, धोक्याचं नियमित लेखी मूल्यमापन झालं नाही, असं त्यात म्हटलंय. त्याच वेळी, त्यांना पूर्णपणे नवी ओळख देऊन लपवण्याखेरीज हल्ला टाळता आला नसता, असाही निष्कर्ष आहे. आणि पोलिसांनी डॉनला अमली पदार्थ घेणारी ठरवलं, ते चूक होतं, हे अहवालात नोंदवलं गेलं. विल्टशर पोलिसांनी कुटुंबाची माफी मागितली.

मग हाती काय लागलं? तीन संशयित, जे पेत्रोव, बोशिरोव आणि फेदोतोव या खोट्या नावांनी आले होते, त्यांच्यावर इथे आरोप ठेवलेले आहेत. पण रशियाची राज्यघटना आपल्या नागरिकांना परदेशाच्या हवाली करू देत नाही. त्यामुळे खटला उभा राहण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. अहवालाच्या दिवशी ब्रिटिश सरकारने अख्ख्या जीआरयूवर निर्बंध लावले आणि रशियन राजदूतांना बोलावून घेतलं. यावर कुणी म्हणेल, हा कागदी घोड्यांचा खेळ आहे. तसं म्हणायला कारणही आहे. अलेक्झांडर लिट्विनेन्को यांना २००६ साली लंडनमध्ये पोलोनियम या किरणोत्सारी विषाने मारलं, त्याच्याही चौकशीचा अहवाल जानेवारी २०१६मध्ये आला आणि त्यातही पुतिन यांचं नाव होतं. त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी सॉल्सबरी घडलं. अहवालाने मारेकऱ्यांचे हात बांधले जात नाहीत, हे मान्य करायलाच हवं. डॉनच्या घरच्यांनीही म्हटलंय की काही उत्तरं मिळाली, पण बरेच प्रश्न अजून तसेच आहेत. बंद दाराआड जे सांगितलं गेलं, ते तर त्यांना कधीच कळणार नाही.

तरीही ही चौकशी वाया गेली, असं मला वाटत नाही. तिच्या नावाकडेच बघा. जगाच्या दृष्टीने ही गोष्ट हेरांची होती. वर्तमानपत्रांत स्क्रिपाल, पुतिन, मुत्सद्दी, निर्बंध हेच मथळे होते. डॉन या गोष्टीत होती ती एका वाक्यापुरती, वाटेत आलेली बाई म्हणून. ज्याचा राजकारणाशी काडीचा संबंध नाही, असं माणूस दोन देशांच्या भांडणात मेलं तर त्याच्या मरणाचा हिशोब कुणी ठेवायचा? तिच्या कुटुंबाने कोर्टात जाऊन तो हिशोब मागितला. त्यामुळे गुप्तहेर खात्यांच्या कागदपत्रांपर्यंत पोचलेली चौकशी आज अधिकृत नोंदीत डॉनच्या नावाने आहे. आणि ती काय नव्हती, हेही त्याच नोंदीत लिहिलेलं आहे.

आपल्यासाठी यात एक कामाची गोष्टही आहे. या देशात कुणाचा मृत्यू संशयास्पद परिस्थितीत झाला, तर कुटुंबाला इन्क्वेस्टमध्ये सहभागी होण्याचा, प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. कॉरोनरचा निर्णय अंतिम वाटला तरी त्याला हायकोर्टात आव्हान देता येतं. आपण परक्या मुलखातली माणसं, ‘कशाला उगाच’ म्हणून गप्प बसतो. डॉनचं घराणंही काही बडं नव्हतं. साध्या घरातली माणसं होती, पण त्यांनी एकाच शब्दावर, ‘कसं’ या शब्दावर, हट्ट धरला.

या चौकशीच्या उघड सुनावणीचे शब्दशः उतारे आणि अहवाल तिच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. सगळं वाचायला वेळ नसेल, तर निदान सुरुवातीचा सारांश नक्की वाचा.