लगाम जरा जपून!

वीकएन्डचं रायडिंग एकदा अंगात भिनलं की स्वतःचा घोडा घ्यायची हुक्की कधी ना कधी येतेच. बजेटमध्ये बसणारा घोडा बहुतेक वेळा तरुण, दांडगा आणि अजून तोल न सापडलेला असतो. मग तबेल्यात सगळ्यात आधी एकच चर्चा रंगते. याच्या तोंडात बिट कोणतं घालायचं?

बिट म्हणजे लगामाचा तोंडात बसणारा दांडा, बहुतेक वेळा धातूचा. डोक्यावरचे पट्टे आणि आपल्या हातात येणाऱ्या वाद्या त्याच्या दोन्ही टोकांना जोडलेल्या असतात. दिसायला एवढीशी वस्तू, पण घोड्याचा मूड, त्याचं तोंड आणि आपली हाडं, सगळं तिच्यावर अवलंबून.

माझी एक मैत्रीण पुण्यात आयटीत आहे. आठवडाभर मीटिंग्ज, शनिवार-रविवार घोडा. तिने रेसमधून बाहेर पडलेली चार वर्षांची घोडी घेतली. दिसायला एकदम झकास! पण वेग वाढला की मान खाली घालून अशी ओढायची, की वीस मिनिटांत मैत्रिणीचे खांदे भरून यायचे. वळणावर आतल्या बाजूला कलंडायची ते वेगळंच. तबेल्यात सल्ल्यांना तोटा नव्हता आणि बहुतेकांचं मत एकच होतं, "कडक बिट घाल, सुतासारखी सरळ येईल." मीही काही वर्षं रायडिंग करतेय, त्यामुळे हा डायलॉग मला पाठ आहे. म्हटलं, एकदा नीट शोधूनच काढू. कडक बिटने घोडा खरंच ऐकतो का?

ओढतो, कारण तोल नाही

रेसचा सीझन मुंबईत हिवाळ्यात सुरू होतो आणि पुण्यात पावसाळ्यात. थरोब्रेड घोडे दोन-तीन वर्षांचे असतानाच ट्रॅकवर उतरतात. जे फारसे जिंकत नाहीत, त्यातले बरेच चार-पाच वर्षांचे होईपर्यंत बाहेर पडतात आणि रायडिंग स्कूलमध्ये किंवा हौशी मंडळींकडे येतात. तोपर्यंत त्यांनी सरळ आणि जोरात पळण्याचा अभ्यास केलेला असतो. वाद्या ताणल्या की त्यांवर रेलायचं आणि धावायचं, ही तिथली सवय. छोट्या रिंगणात गोल फिरणं, हळू होणं, मागच्या पायांवर वजन घेणं हे त्यांच्या सिलॅबसमध्येच नसतं.

त्यात शरीराचं गणित. उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन मुळातच पुढच्या पायांवर असतं. वर आपण बसलो की भार आणखी वाढतो. मागचे पाय आणि पाठ अजून तयार नसलेला तरुण घोडा मग आधार शोधतो. तो आधार म्हणजे आपले हात! म्हणजे तो मस्ती करत नसतो, आपल्या हातांचा पाचवा पाय करत असतो. आपण ओढलं की तोही ओढतो. साडेचारशे-पाचशे किलोच्या प्राण्याशी रस्सीखेच लावली तर कोण जिंकणार, हे सांगायला नकोच.

आधी तोंड उघडून बघा

घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये एक मोकळी जागा असते. बिट तिथे बसतं. तिथल्या हाडावर हिरडीचा पातळसा थर असतो आणि खाली जीभ. म्हणजे आपण वादी ओढतो तेव्हा दाब थेट नाजूक जागी जातो.

आता दातांचं टाइमटेबल बघा. घोड्याचे दुधाचे दात अडीच वर्षांच्या आसपास पडायला लागतात आणि साधारण पाचव्या वर्षी सगळे पक्के दात येतात. महालक्ष्मीला होणारी इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असते. म्हणजे डर्बी धावणाऱ्या घोड्याचेसुद्धा दात बदलायचे पूर्ण झालेले नसतात! शिवाय काही घोड्यांना दाढांच्या अगदी पुढे एक छोटा, बिनकामाचा दात असतो. त्याला 'वुल्फ टूथ' म्हणतात. बिट त्यावर आपटलं की घोडा मान झटकतो आणि आपण म्हणतो, भलताच हट्टी आहे.

फिनलंडमध्ये गाडीच्या शर्यतीत धावणाऱ्या घोड्यांची तोंडं रेसनंतर तपासली गेली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत २६१ पैकी ८४ टक्के घोड्यांना बिटच्या जागी ताज्या जखमा सापडल्या. त्यातल्या बहुतेक बाहेरून दिसतही नव्हत्या. तेव्हा बिटच्या खरेदीआधी व्हेटची अपॉइंटमेंट! मैत्रिणीच्या घोडीच्या एका दाढेची कड टोकदार होऊन गाल सोलत होती. ती घासून घेतल्यावर मान झटकणं निम्म्यावर आलं. ओढणं मात्र तसंच होतं, कारण ते दुखणं तोलाचं होतं.

कडक म्हणजे नक्की काय?

ढोबळमानाने बिट दोन प्रकारची. पहिलं स्नॅफल. यात वादी थेट तोंडाजवळच्या कडीला लागते. हातात जेवढा जोर, तेवढाच तोंडात. दुसरं तरफेचं, म्हणजे पेलम किंवा कर्ब. याला खाली लांब दांड्या असतात आणि हनुवटीखाली साखळी. खालची दांडी वरच्या भागाच्या दुप्पट असेल तर शाळेतल्या तरफेच्या नियमाने तोंडावरचा जोर सुमारे तिप्पट होतो. गॅग नावाचा प्रकार तोंडाच्या कोपऱ्यांत वर सरकतो आणि त्याच वेळी कानामागे दाब देतो.

तयार घोडा आणि स्थिर हात असतील तर तरफेचं बिट बोटाच्या इशाऱ्यावर चालतं. पण कच्च्या घोड्यावर, आणि तोल जाताच वाद्यांना लटकणाऱ्या आपल्यासारख्या वीकएन्ड रायडरच्या हाती, ते हत्यार होतं. घोडा काही दिवस घाबरून मान आत घेतो. आपल्याला वाटतं, जमलं! प्रत्यक्षात तो दाब चुकवायला शिकलेला असतो. तोंड उघडतो, जीभ बिटवर घेतो, नाहीतर थेट दोन पायांवर उभा राहतो.

आणि काटेरी बिट? त्याचा विषयच नको. भारवाहू जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत काटेरी बिट वापरायला बंदी आहे. कुणी 'गावठी पण हमखास उपाय' म्हणून पुढे केलं तर सरळ नाही म्हणा.

मग निवडायचं काय?

सुरुवात साध्या, गुळगुळीत स्नॅफलपासून करा. एकच सांधा असलेल्या बिटपेक्षा मध्ये छोटा चपटा-गोल मणी असलेलं दोन सांध्यांचं बिट बऱ्याच घोड्यांना जिभेवर बरं वाटतं. घोडा वळणावर बाहेर निसटत असेल तर 'फुल चीक' बघा. त्याच्या बाजूच्या उभ्या दांड्या गालाला टेकतात आणि वळायचा इशारा स्पष्ट होतो. तो बिटवर रेलून पडत असेल तर 'लूज रिंग' वापरून बघा. कड्या हलत्या असल्यामुळे त्याला पक्का टेकू मिळत नाही.

जाड बिट सौम्य असतं, हे नेहमी ऐकू येतं. अर्धंच खरं आहे. दाब जास्त जागेवर पसरतो, हे बरोबर. पण थरोब्रेडच्या लहानशा तोंडात जाड दांडा मावायलाही हवा ना! रुंदीही महत्त्वाची. दोन्ही बाजूंना साधारण अर्धा सेंटीमीटर जागा हवी. कमी असेल तर ओठ चिमटतात, जास्त असेल तर बिट इकडून तिकडे सरकतं. एक बिट लावलं की निदान दोन-तीन आठवडे द्या. दर रविवारी नवं बिट म्हणजे घोड्याला दर रविवारी नवी भाषा.

ब्रेक तोंडात नाही, मागच्या पायांत

बिटने वेळ मिळतो, तोल शिकवावा लागतो. मोठी वर्तुळं, चाल सतत बदलणं (चालणं, दुडकी, पुन्हा चालणं), चढावर सावकाश चालवणं आणि लांब दोरीवर स्वाराशिवाय गोल फिरवणं, यातून मागचे पाय कामाला लागतात. घोडा ओढायला लागला की सलग ताणून धरू नका. क्षणभर धरा, सोडा, पुन्हा धरा. टेकायला काही उरलंच नाही की त्याला स्वतःच्या पायांवर यावं लागतं. चौखूर उधळायला लागला तर दोन्ही वाद्या खेचण्यापेक्षा जागा बघून हळूहळू वर्तुळ लहान करत न्या. याची प्रॅक्टिस मात्र आधी चालण्याच्या वेगात, बंद रिंगणात आणि ट्रेनर समोर असताना. यात काही महिने जातात. ऑफिसमध्ये नवीन मुलाला पहिल्याच आठवड्यात मेमो देणारा बॉस आपल्याला आवडतो का?

खोगीर चढवण्याआधी

● दात वर्षातून एकदा तरी तपासा, पाच वर्षांखालच्या घोड्याचे सहा महिन्यांनी.
● ओठांच्या कोपऱ्यात एखाद-दुसरी सुरकुती पडेल इतपतच बिट वर घ्या. बिट दाताला लागायला नको.
● नाकपट्टा आवळून तोंड बंद करू नका. नाकाच्या हाडावर दोन बोटं आत जायला हवीत.
● घोड्याच्या गळ्यात एक साधा चामडी पट्टा बांधा. तोल गेला तर हात त्यावर, वाद्यांवर नाही.
● लाळेत रक्त, सतत उघडं तोंड किंवा एकाच बाजूला वळायला नकार दिसला तर रायडिंग बंद, व्हेटला फोन सुरू.