आवाजाचे अंक करणारी यंत्रे

संगणकाचा इतिहास बहुधा आकडेमोड करणाऱ्या यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु बाहेरच्या जगातील आवाज, तापमान वा दाब अंकांच्या रूपात त्या यंत्रांपर्यंत पोहोचवणाऱ्या उपकरणांचा इतिहास तितकाच मोलाचा असून त्याचा आरंभ टेलिफोनच्या क्षेत्रात झाला.

तारेतून जाणारा आवाज म्हणजे सतत चढउतार करणारे व्होल्टेज, अर्थात अॅनालॉग संकेत होय. अंतराबरोबर तो क्षीण होतो म्हणून वाटेत त्याचे वर्धन करावे लागते आणि दर वर्धनात त्यात मिसळलेला गोंगाटही वाढतो. १९३७ मध्ये पॅरिस येथील आयटीटी या दूरसंचार कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारे इंग्रज अभियंते अॅलेक रीव्ह्ज यांनी असे सुचवले की, संकेताची उंची ठरावीक क्षणांना मोजावी, ते माप जवळच्या पूर्णांकावर आणावे आणि तो अंक विद्युत स्पंदांनी धाडावा. मग वाटेतल्या यंत्राला स्पंद आहे की नाही एवढेच ओळखून नवा, निर्दोष स्पंद पुढे पाठवता येतो. कल्पना अचूक होती. मात्र तिला लागणाऱ्या असंख्य निर्वात नलिकांचा खर्च त्या काळी परवडणारा नव्हता.

या दिशेची सर्वांत सुंदर रचना १९४८ मध्ये अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेच्या आर. डब्ल्यू. सिअर्स यांनी प्रसिद्ध केली. त्यांच्या नलिकेत इलेक्ट्रॉनांचा झोत संकेताच्या व्होल्टेजप्रमाणे वर-खाली सरके आणि त्याच उंचीवर आडवा फिरे. समोरच्या धातूच्या पत्र्यावर द्विमान पद्धतीनुसार, म्हणजे शून्य आणि एक या दोनच अंकांनुसार, छिद्रे पाडलेली असत. छिद्र येईल तेथे झोत मागच्या पट्टीवर पोहोचून स्पंद उमटे. सात अंकांचा, म्हणजे १२८ पातळ्यांचा, हा संकेत सेकंदाला ९६,००० वेळा तयार होई आणि त्यात बारा संभाषणे सामावत.

खरी अडचण दोन पातळ्यांमधील सीमारेषेवर होती. ६३ वरून ६४ वर जाताना द्विमान संख्येतील सातही अंक बदलतात. त्यामुळे झोत किंचित ढळला तरी भलतीच संख्या उमटण्याचा धोका असे. बेलमधीलच फ्रँक ग्रे यांनी १९४७ मध्ये पेटंटसाठी सादर केलेल्या संकेतावलीत लगतच्या दोन संख्यांमध्ये फक्त एकच अंक बदलतो, त्यामुळे चूक झालीच तर ती एका पायरीपुरती राहते. एवढ्या साध्या फेरमांडणीने एवढा मोठा दोष दूर व्हावा, ही या इतिहासातील विलक्षण गोष्ट होय.

टेलिफोन व्यवसायाला स्वस्त ट्रान्झिस्टरांची वाट पाहावी लागली आणि अमेरिकेत अशी डिजिटल वाहिनी १९६२ मध्ये सुरू झाली. संगणकाला मात्र तितके थांबावे लागले नाही. युनिव्हॅक या संगणकावर काम केलेले बर्नार्ड गॉर्डन यांच्या एप्स्को कंपनीने १९५४ मध्ये डेट्रॅक हा व्होल्टेजचे अंक करणारा परिवर्तक बाजारात आणला. तराजूत आधी मोठे, मग क्रमाने अर्धे-अर्धे वजन टाकून माप जुळवावे तसे तो अज्ञात व्होल्टेज अकरा द्विमान अंकांपर्यंत जुळवी, आणि तेही सेकंदाला ५०,००० वेळा. निर्वात नलिकांनी भरलेल्या या यंत्राचे वजन सुमारे ६८ किलो होते, त्याला ५०० वॅट वीज लागे आणि किंमत आठ हजार डॉलरांहून अधिक होती.