चाळीस नंबर म्हणजे नक्की किती?

एकच आकडा घेऊ: ४०.

पुरुषांच्या फॉर्मल शर्टावर ४० लिहिलेलं असतं, ती बहुतेक वेळा कॉलर असते आणि तीही सेंटिमीटरमध्ये. कुर्तीवर ४० असेल तर ती छाती, तीही इंचात. म्हणजे १०२ सेंटिमीटरच्या आसपास. बुटावर युरोपी ४० असेल तर तो इंचही नाही आणि सेंटिमीटरही नाही. त्या पद्धतीत एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणून ४० नंबरच्या बुटाचा साचा पावणेसत्तावीस सेंटिमीटरच्या जवळपास भरतो. परदेशी ब्रँडचा बायकांचा ड्रेस असेल तर देश कोणता ते आधी बघावं लागतं, कारण फ्रान्सची ४० ती जर्मनीची ३८ आणि इटलीची ४४.

आता हे सगळं डोंगरकड्यात बसून मोबाइलवर निवडायचं आहे. कळमनुरी तालुक्यातलं, नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं, केळी-उसाच्या पट्ट्यातलं हे गाव. शहरात तीन साइज हातात घेऊन ट्रायल रूममध्ये शिरता येतं. गावात ट्रायल होते ती घरच्या आरशासमोर, तीही पार्सल घरात आल्यावर. म्हणून साइजची माहिती शहरातल्या गिऱ्हाइकापेक्षा गावातल्या गिऱ्हाइकाला जास्त उपयोगाची आहे. त्यात गमतीही पुष्कळ आहेत.

गज आणि कातरीचा जिल्हा

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, पण कापड मापण्याशी त्याचं नातं साडेसातशे वर्षांचं आहे. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून मानलं जाणारं नरसी याच जिल्ह्यात, हिंगोली तालुक्यात आहे. जन्म १२७०चा, घराणं शिंप्याचं. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि त्यांतल्या एका पदात शिंप्याचा गज आणि कातर दोन्ही येतात. मापाची अवजारं थेट भक्तीच्या पदात नेणारा माणूस आपल्या जिल्ह्यातला, ही मला फार अभिमानाची गोष्ट वाटते.

त्या काळात आणि नंतरही कित्येक शतकं साइज हा प्रश्नच नव्हता. नऊवारी लुगडं, धोतर, पटका हे सगळं अंगाभोवती गुंडाळायचं. चोळीला पुढे गाठ, परकराला नाडी. अंग भरलं तर गाठ सैल करायची, उतरलं तर आवळायची. एकच कपडा सासूला आणि सुनेलाही चालायचा.

आधी सैनिक मापले

तयार कपड्यांना ठरावीक साइज लागली ती लढाईमुळे. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धात हजारो गणवेश एकदम हवे होते. सैनिकांची मापं घेताघेता लक्षात आलं की छाती इतकी असेल तर कंबर साधारण इतकी, असे काही जोड पुन्हा पुन्हा येतात. त्यावरून पुरुषांच्या तयार कपड्यांचे नंबर बसले.

बायकांचं तसं जमलं नाही. १९३९-४० मध्ये अमेरिकी सरकारच्या शेतीखात्यानं जवळपास १५ हजार बायकांची मापं घेतली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी प्रत्येकीची ५९ मापं नोंदवली, वजन धरून. निष्कर्षात मात्र फक्त गोऱ्या बायकांची मापं धरली होती. त्या आकड्यांच्या आधारे १९५८ मध्ये सरकारी साइज तक्ता निघाला, आणि १९८३ मध्ये सरकारनं तो मागेही घेतला. तेव्हापासून तिथं ज्याचा त्याचा नंबर.

नंबर तोच, कंबर मोठी

१९५८च्या त्या तक्त्यात ८ नंबरच्या ड्रेसला छाती ३१ इंच आणि कंबर साडेतेवीस इंच होती. आज अमेरिकेत त्याच ८ नंबरात २८ इंचांच्या पुढची कंबर बसते. गिऱ्हाइकाला लहान नंबर आवडतो, म्हणून कंपन्या लेबल तेच ठेवून कपडा मोठा करत गेल्या. पुरुषांचंही वेगळं नाही. ‘एस्क्वायर’ मासिकानं २०१० मध्ये वेगवेगळ्या ब्रँडच्या ३६ नंबरच्या पँटी टेपनं मोजल्या, तर त्यांतली एक चक्क ४१ इंच भरली.

म्हणून एका ॲपवर एल बसणाऱ्या मुलीला दुसऱ्या ॲपवरचा डबल एक्सएलही घट्ट झाला, तर तिनं मनाला लावून घ्यायचं काही कारण नाही. तिचं अंग रात्रीतून बदललेलं नाही. एल म्हणजे किती इंच हे त्या त्या कंपनीनं ठरवलेलं असतं. पोरी लेबल बघून जेवण कमी करतात, हे ऐकलं की फार वाईट वाटतं. लेबलवरचं अक्षर कंपनीचं असतं, इंच तुमचे असतात.

आपलं माप कुणी घेतलं?

भारतात विकले जाणारे कितीतरी कपडे अजून परदेशी तक्त्यांत थोडा फेरफार करून कापले जातात. तो प्रश्न सोडवण्यासाठी केंद्राचं वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट या संस्थेनं ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प घेतला. १५ ते ६५ वयोगटातल्या २५ हजार लोकांना थ्री-डी स्कॅनरसमोर उभं करून शंभराच्या वर मापं टिपायची, असा तो बेत. शहरं सहा: दिल्ली, मुंबई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग. डोंगरकड्याला यातलं सगळ्यात जवळचं शहर मुंबई नाही, हैदराबाद आहे. निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत राहिलेल्या या भागाला ते नवीन नाही.

पायांचं मोजमाप चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं केलं. डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात ७९ ठिकाणच्या एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मापले. पाश्चात्त्य पायांपेक्षा आपले पाय रुंद निघाले. चप्पल लांबीला बरोबर आणि पंज्याला आवळ, ही तक्रार खरी होती तर! त्यावरून भारतीय मापाची शिफारस झाली, तिचं नाव ‘भा’.

मापाचा ब्लाउज: सगळ्यात पक्की युक्ती

शिंप्याकडे जाताना आपल्या बायका काय करतात? अंगावर नीट बसणारा एक जुना ब्लाउज पिशवीत टाकून नेतात आणि मापाला देतात. ऑनलाइन खरेदीला यापेक्षा चांगली युक्ती मला माहीत नाही.

नीट बसणारी कुर्ती किंवा शर्ट पलंगावर सपाट पसरा, बटणं लावा. एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत टेप धरा आणि आलेला आकडा दुप्पट करा. वीस आले तर कपड्याची छाती ४०. मग खांदा, बाही, मुंढा आणि उंची. पँट असेल तर कंबर, सीट, मांडी आणि आतल्या शिवणीची लांबी. हे आकडे मोबाइलमध्ये घरातल्या प्रत्येकाच्या नावानं लिहून ठेवा. शिंप्याचा टेप ६० इंचांचा, म्हणजे पाच फुटांचा असतो. मागच्या बाजूला बहुधा १५० सेंटिमीटर असतात, त्यामुळे हिशेब करायचीही गरज नाही.

आता ॲपवरचा साइज चार्ट उघडा. इथं सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण चार्ट दोन जातींचे असतात. एकात अंगाचं माप असतं. तिथं बहुधा ‘टु फिट बस्ट’ लिहिलेलं असतं. दुसऱ्यात कपड्याचं माप असतं, त्याला ‘गारमेंट’ म्हणतात. अंगाची छाती ३६ असेल तर न ताणणाऱ्या कापडाची कुर्ती ३८-३९ लागते, नाहीतर हात वर केला की काखेत ताण येतो. अंगाचं माप कपड्याच्या रकान्यात शोधलं की दोन इंच तंग कपडा दारात आलाच म्हणून समजा.

एकाच साइजच्या दोन कुर्त्याही तंतोतंत सारख्या नसतात. कारखान्यात कापडाचे कित्येक थर एकावर एक रचून यंत्रानं एकदम कापतात आणि अर्धा-एक सेंटिमीटर इकडेतिकडे चालवून घेतात. म्हणून माप दोन साइजच्या अगदी मधोमध येत असेल तर मोठा मागवा. मोठा कपडा गावातला शिंपी आत घेऊन देतो. घट्ट कपडा सैल करायला शिवणीत माया लागते, आणि स्वस्त रेडिमेड कपड्यात ती जवळजवळ नसतेच. शिंपी इंचभर माया ठेवतो, कारखाना मात्र शिवणीच्या अगदी कडेला कापून ओव्हरलॉक मारतो. लाखभर कपड्यांत तेवढंही कापड वाचवायचं असतं.

फोटोतली मुलगी किती उंच?

बऱ्याच ठिकाणी खाली बारीक अक्षरांत मॉडेलची उंची लिहिलेली असते, पाच फूट आठ इंच वगैरे. भारतीय स्त्रीची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. फरक आठ इंचांचा! फोटोत गुडघ्यावर थांबलेली कुर्ती आपल्याकडे पोटरीवर येते आणि घोट्याच्या वर राहणारी पँट जमिनीला लागते. फोटो बघून उंची ठरवू नका. चार्टात कुर्तीची उंची ४६ इंच दिली असेल, तर खांद्यापासून खाली टेप सोडा आणि ४६ इंच कुठं येतात ते अंगावरच बघा.

पहिल्या धुण्याचा हिशेब

सुती कापड धुतल्यावर तीन ते पाच टक्के आटू शकतं. ४६ इंचांच्या कुर्तीला पाच टक्के म्हणजे सव्वादोन इंच. रेयॉन त्याहूनही जास्त आटतं, पॉलिस्टर जवळपास आटतच नाही. कापड आधीच आटवून घेण्याची रीत अमेरिकेच्या सॅनफर्ड क्लुएट यांनी काढली, १९३०च्या सुमारास. जुन्या शर्टांच्या कापडावर दिसणारा ‘सॅनफोराइज्ड’ हा शिक्का त्यांच्याच नावावरून आलेला.

ताणल्या जाणाऱ्या धाग्याचं श्रेय जोसेफ शिव्हर्स यांचं, साल १९५८. आपण त्याला लायक्रा म्हणतो. जीन्समध्ये हा धागा दोन-तीन टक्के असला तरी कंबरेला बराच आराम मिळतो. वर्णनात ‘शंभर टक्के कॉटन’ असेल तर आटण्याचा विचार करा, ‘इलॅस्टेन’, म्हणजे हाच ताणला जाणारा धागा, असेल तर अगदी अंगाबरोबरचा साइज चालतो.

शाळेच्या मुलांना मात्र वाढत्या अंगाचाच घ्या. आयांचा हा हिशेब कुठल्याही चार्टपेक्षा जुना आणि बरोबर आहे. महाराष्ट्रात गणवेशांचं मोठं केंद्र सोलापूर आहे. आपल्या पोरांच्या अंगावरचा गणवेशही तिथून आलेला असू शकतो.

परत करायची वेळ आली तर

मागवायच्या आधी आपला पिनकोड टाकून ‘रिटर्न’ची सोय बघा, काही वस्तू गावातून परत उचलल्या जात नाहीत. मीशोसारख्या ॲपवर काही कपड्यांना दोन भाव दिसतात. कमी भावात फक्त चुकीची किंवा खराब वस्तू परत घेतात, जास्त भावात साइज बसली नाही तरी घेतात. नवीन ब्रँड असेल तर पहिल्या वेळी जास्तीचे पैसे मोजलेले परवडतात. साइज एकदा कळली की पुढे कमी भावात घ्या.

कायदा काय सांगतो तेही माहीत असू द्या. ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम २०२०चे आहेत. वस्तू खराब असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. चार्टात छाती ४० इंच लिहिली आणि आलेला कपडा ३७ भरला, तर ‘मला बसत नाही’ एवढंच लिहून थांबू नका. ‘वर्णनाप्रमाणे माप नाही’ असं स्पष्ट लिहा आणि कपड्यावर टेप ठेवून काढलेला फोटो जोडा. सुट्या विकल्या जाणाऱ्या कपड्यांसाठीही २०२२ पासून नियम आहे: एस, एम, एल या अक्षरांसोबत सेंटिमीटर किंवा मीटरमधलं मापही द्यायला हवं. बाजारात किती दुकानदार ते देतात ते एकदा बघाच, आणि नसेल तर मागा.

पार्सल फोडताना व्हिडिओ काढा. टॅग कापायच्या आणि कपडा पाण्यात टाकायच्या आधी टेप लावा. ॲपवाल्यांनी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथं मराठीत बोलता येतं.