पट्ट्याचीही परीक्षा घ्या

अकोल्याहून वाशीमकडे जाणारा रस्ता तीस-पस्तीस किलोमीटरांवर पातूरला पोचतो. गाव मागे पडले, की सपाटी संपते आणि घाटाची वळणे सुरू होतात. समजा, तुमच्या काकांनी विजेवर चालणारी नवी मोटार घेतली आहे आणि सारे घर अकोल्याहून पातूरच्या रेणुकामातेच्या दर्शनाला निघाले आहे. इंजिनाची घरघर नाही, धूर नाही. पुढच्या दोघांनी पट्टे लावले. मागे तुम्ही आणि आजी. आजीच्या मांडीवर तीन वर्षांचा धाकटा भाऊ. मागची बक्कले आसनाच्या फटीत कुठे तरी दडलेली. “इथंच तं जायचं हाये!” असे आजी म्हणते आणि गाडी सुटते.

या गाडीत मागे बसलेल्या तिघांचे काय होऊ शकेल, ते गणिताने पाहू या.

गाडी थांबते, आपण थांबत नाही

गाडीचा वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर आहे असे धरा. साडेअकरा मीटर उंचीवरून खाली पडलेली वस्तू जमिनीवर याच वेगाने आदळते. आता गाडी एखाद्या कठड्यावर आदळली. गाडी थांबली, पण जडत्वाच्या नियमाप्रमाणे आतली माणसे त्याच वेगाने पुढे जात राहतात.

वेगाच्या वर्गाला थांबण्याच्या अंतराच्या दुपटीने भागले, की वेग किती झपाट्याने घटतो ते मिळते. गाडीचा पुढचा भाग चेपतो, पट्टा थोडा ताणला जातो. त्यामुळे पट्टा बांधलेल्या माणसाला थांबायला साधारण ६० सेंटिमीटर मिळतात असे माना. उत्तर येते १८७·५, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या सुमारे १९ पट. पट्टा नसलेला माणूस पुढच्या कठीण भागावर आपटून ५ सेंटिमीटरांत थांबला, तर हीच संख्या २३० पट होते! पट्टा आपल्याला नुसता धरून ठेवीत नाही, तो थांबायला जागा देतो.

आजीच्या मांडीवरच्या भावाचे वजन १५ किलो धरू. गाडीबरोबर त्याला थांबवायचे, तर त्या क्षणी आजीच्या हातांना जवळजवळ तीन क्विंटलांचा भार पेलावा लागेल. तुरीची तीन पोती हातांवर कोण झेलणार?

हे केवळ कागदावरचे गणित नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. ती विजेवर चालणारी नव्हती, पण महागडी आणि मजबूत बांधणीची होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. ते दोघेही दगावले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले.

पट्ट्याच्या पोटात काय असते?

खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा आजचा तीन बिंदूंचा पट्टा स्वीडनमधील अभियंता निल्स बोलिन याने बनवला. पूर्वी तो विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत असे. १९५९ साली व्होल्व्हो कंपनीने हा पट्टा गाड्यांत बसवला आणि त्याचे पेटंट इतर कारखान्यांनाही खुले केले.

खांबाच्या आत पट्ट्याचे रीळ असते. पट्टा हळू ओढला तर रीळ सुटते. हिसका बसला तर दातेरी चक्रात खीळ अडकते आणि रीळ जागच्या जागी थांबते. अनेक गाड्यांत, विशेषतः पुढच्या आसनांसाठी, प्रिटेन्शनर म्हणजे पट्टा आवळणारे साधन असते. धडक बसताच त्यातील छोटा स्फोटक पदार्थ पेटतो आणि त्याच्या वायूच्या दाबाने पट्ट्यातील ढिलाई पापणी लवायच्या आत खेचली जाते. बक्कलमध्ये एक बारीक स्विच असतो. पट्टा लागला की नाही, हे तो गाडीतील संगणकाला कळवतो.

विजेच्या गाडीत बॅटरीमुळे वजन वाढते. पण जडत्वाचा नियम बदलत नाही. एक गोष्ट मात्र वेगळी असते. धडकेचा संदेश मिळताच एअरबॅग उघडतात, पट्टे आवळले जातात आणि त्याच वेळी मोठ्या बॅटरीचा विद्युतप्रवाहही तोडला जातो. म्हणजे डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा सतत जळत असेल, तर ती साधी कुरकुर समजू नये.

यंत्र आले, की बिघाडही आला

फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत टेस्ला कंपनीला सुमारे ८ लाख १७ हजार विजेच्या गाड्यांतील दोष दूर करावा लागला. पट्टे मजबूत होते. पण चालकाने पट्टा लावला नसला, तरी काही वेळा सूचनेचा आवाज येत नसे. चूक संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये होती आणि नवा प्रोग्रॅम पाठवून ती सुधारण्यात आली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जनरल मोटर्सने बोल्ट या विजेच्या गाड्या परत बोलावल्या. अमेरिका व कॅनडा मिळून त्या सुमारे १ लाख ४० हजार होत्या. धडकेनंतर प्रिटेन्शनरमधून निघणाऱ्या गरम वायूने खांबाजवळच्या गालिच्याचे धागे पेटण्याचा धोका होता. वाचवणाऱ्या साधनातूनच आग!

आपल्याकडेही जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने ११,१७७ ग्रँड व्हिटारा गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. ही पूर्णपणे विजेवरची गाडी नव्हे. तिच्या मागच्या पट्ट्यांचे आधार सैल होण्याची शक्यता होती. अशा बोलावण्याने घाबरू नये. गाडी मात्र जरूर न्यावी.

परंतु एक बिघाड आपण स्वतःच विकत घेतो. पट्ट्याची टिंगटिंग बंद करण्यासाठी बक्कलमध्ये नुसती धातूची चकती खोचतात. बिचारा स्विच संगणकाला सांगतो, ‘पट्टा लागला.’ कित्येक गाड्यांत एअरबॅग उघडण्याचा निर्णयही या संदेशावर अवलंबून असतो. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना या चकत्या विक्रीतून काढण्याचा आदेश दिला.

जून २०२४ मध्ये टाटांच्या पंच आणि नेक्सॉन या दोन विजेच्या गाड्यांना ‘भारत एनकॅप’ चाचणीत पाच तारे मिळाले. या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून आदळवतात. पण लक्षात ठेवा, आतल्या बाहुल्यांना पट्टे बांधलेले असतात. ते तारे पट्टा लावणाऱ्यांचे आहेत!

करून पाहा

चार चाकांच्या खेळण्यावर मऊ मातीची बाहुली बसवा. पुस्तकांवर फळी तिरपी टेकवून गाडी खाली सोडा. तळाशी वीट ठेवा. प्रथम बाहुली मोकळी ठेवा, मग दोऱ्याने बांधा, मग रुंद नाडीने बांधा. मोकळी बाहुली पुढे फेकली जाईल. दोरा मातीत रुतेल. नाडी कमी रुतेल, कारण तेच बल जास्त क्षेत्रावर पसरते. पिळलेला पट्टा दोऱ्यासारखाच वागतो, म्हणून तो सपाट हवा.

आता उभ्या गाडीत, मोठ्यांच्या देखत, प्रत्येक पट्टा तपासा. पूर्ण बाहेर ओढा : धागे उसवले आहेत का, काप गेला आहे का? सोडून द्या : तो आपोआप गुंडाळतो का? झटक्याने ओढा : अडकतो का? बक्कल ‘खट्’ असा आवाज करून बसते आणि दाबताच सुटते का? एका जरी प्रश्नाचे उत्तर चुकीचे आले, तरी गाडी दुरुस्तीला न्या. मोठी धडक सोसलेला पट्टा पुन्हा वापरू नका. टिंगटिंग झाली नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे समजू नका; टेस्लाची गोष्ट आठवा.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलांना पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या खास आसनात सुरक्षित बसवणे आवश्यक आहे.

पुढच्या वेळी पातूरला निघताना आधी फटीत हात घालून ती हरवलेली बक्कले वर काढा. भावाला त्याच्या आसनात बसवा, आजीचा पट्टा स्वतः सरळ करून लावा, आणि मगच काकांना म्हणा, “चला!”