आरमारी सह्यांची पारख

जुन्या पत्रांचा संग्रह करण्याचा छंद आपल्या तरुणांस लागत आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु पारखीवांचून केलेला संग्रह म्हणजे निव्वळ द्रव्यनाश. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें दोन महिन्यांचें वेतन मोजून इंग्रज आरमाराचा सेनानी नेल्सन याच्या सहीचा एक हुकूम विकत घेतला व मोठ्या अभिमानानें मजपुढें ठेविला. साल होतें १७९६. खालीं सही होती ‘नेल्सन अँड ब्राँटे’. कागद खोटा आहे हें सांगतांना माझेंच मन कष्टी झालें.

तें ओळखलें कसें? नेल्सनच्या सहींत त्याचें चरित्रच उतरलें आहे. जुलै १७९७ मध्यें टेनेरीफ बेटावरील हल्ल्यांत जखमी झालेला त्याचा उजवा हात कापावा लागला. आणि २७ जुलैस त्यानें डाव्या हातानें आपल्या सेनापतीस पत्र लिहिलें! यास्तव त्यापूर्वीचें अक्षर उजवीकडे झुकलेलें, तर नंतरचें उभट दिसतें. नांवही बदलत गेलें. प्रथम ‘होरेशिओ नेल्सन’. नोव्हेंबर १७९८ मध्यें उमरावपद मिळाल्यावर ‘नेल्सन’. १७९९ सालीं नेपल्सच्या राजानें ब्राँटेची जहागीर दिली, व १८०१ पासून ‘नेल्सन अँड ब्राँटे’ ही सही रूढ झाली. मग ती १७९६ च्या हुकुमावर कोठून येणार?

या सहीचा आपल्या मुंबईशींही संबंध आहे. १ ऑगस्ट १७९८ रोजीं नाईलच्या मुखाजवळ फ्रेंच आरमाराचा विध्वंस केल्यावर नेल्सननें ९ ऑगस्टस मुंबईच्या गव्हर्नरास पत्र लिहून तें लेफ्टनंट ड्यूव्हालच्या हस्तें खुष्कीच्या मार्गानें रवाना केलें. त्या दिवशीं तो उमराव झाला नव्हता, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

हुकुमाचा मजकूर बहुधा कारकुनाच्या हातचा असे. तेव्हां पाहावयाचें तें सहीचें वळण, नांव आणि तारीख. तिहींचा मेळ बसला, तरच पुढें कागद व शाई भिंगाखालीं तपासावी. कारण छापील प्रतिकृतीही खऱ्या म्हणून खपतात.

माझ्या विद्यार्थ्यानें तो कागद फाडला नाहीं. त्याच्या मेजावर तो अद्याप आहे. मागें त्यानें स्वहस्तें लिहिलें आहे, ‘आधीं इतिहास, मग खरेदी.’