दिवेघाटाची चढण: वारीतला एक दिवस



जून महिना लागला की आपल्याकडे पऱ्हे टाकायची घाई असते. त्याच दिवसांत तिकडे आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींची पालखी निघते. आपल्या गटातल्या चौघी-पाच जणी दरवर्षी म्हणतात, "एकदा तरी वारीत चालून यावं." पण आळंदी ते पंढरपूर हे सुमारे 250 किलोमीटरचं अंतर चालायला अडीच-तीन आठवडे लागतात. रोवण्याच्या तोंडावर इतके दिवस घर आणि बांधी सोडता येत नाही. म्हणून आज वारीतल्या एकाच दिवसाबद्दल सांगते. तो दिवस म्हणजे पुणे ते सासवड. पुष्कळ नोकरदार माणसं एवढाच एक टप्पा चालतात आणि परत फिरतात. आपल्यालाही ते जमू शकतं.

हा दिवस ज्येष्ठ वद्य एकादशीच्या सुमारास येतो. तिथीप्रमाणे इंग्रजी तारीख बदलते. 2024 साली तो 2 जुलैला आला होता आणि 2025 साली 22 जूनला. पालखी पुण्यात भवानी पेठेतल्या विठोबा मंदिरात मुक्कामाला असते. तिथून पहाटे निघते. शिंदे छत्री, हडपसर, उरुळी देवाची असं करत दुपारी वडकी नाल्याला पोचते. हडपसरला तुकोबांची पालखी वेगळी होऊन लोणी काळभोरकडे वळते. वडकीच्या पुढे दिवेघाट लागतो. घाट चार-पाच किलोमीटरचा आहे. वळणावळणाचा रस्ता, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली मस्तानी तलाव. इथे माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, तेव्हा रथ वर चढतो. घाट चढला की झेंडेवाडी आणि मग संध्याकाळी सासवड. कऱ्हा नदीकाठचं हे गाव. ज्ञानेश्वरांचे भाऊ सोपानदेव यांची समाधी इथेच आहे.

हे अंतर जवळजवळ 30 किलोमीटर भरतं. वारीतला हा सगळ्यात लांबचा टप्पा मानतात. पावलं मोजली तर चाळीस हजारांच्या वर जातात. म्हणूनच सासवडला पालखी दोन मुक्काम करते, चालणाऱ्यांना दम खाता येतो.

आता माझी गोष्ट सांगते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एकादशीचा कडक उपास धरला होता. त्यात मनात भीती, की वाटेत लघवीला जागा मिळाली नाही तर काय करायचं? म्हणून पहाटेपासून पाणीच प्यायले नाही. हडपसरपर्यंत टाळाच्या नादात काही कळलं नाही. वडकीला मात्र डोळ्यांपुढे अंधारी आली, हातपाय गार पडले. दिंडीतल्या एका आजीनं मला सावलीत बसवलं, गूळपाणी पाजलं आणि म्हणाली, "पोरी, उपास देवासाठी आहे. पाणी सोडायला देवानं कधी सांगितलं?" त्या दिवशी मी घाट चढले, पण शेवटच्या दिंडीबरोबर. दुसऱ्या दिवशी लघवीला जी आग झाली ती आठ दिवस पुरली.

असं का होतं ते समजून घ्या. चालताना घामावाटे पाणी जातं, तसं मीठही जातं. पाणी कमी झालं की रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. लघवी कमी झाली की ती घट्ट होते, तुंबून राहिली की जंतू वाढतात आणि जळजळ सुरू होते. म्हणून तहान लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासानं चार घोट प्यावेत. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून बाटली भरून घ्या. चमचा चहाचा, छोटा. उपास असेल तर सैंधव घाला. आशाताईंकडे ओआरएसची पुडी मिळते, तीही चालते. केळी, शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू पदरी बांधा. आता वाटेत फिरती शौचालयं ठेवतात. राज्य महिला आयोगाच्या 'आरोग्यवारी' उपक्रमातून बायांसाठी शौचालय आणि पॅडची सोयही केली जाते. दिसलं शौचालय की जाऊन यायचं, पुढच्याची वाट पाहायची नाही.

ज्यांना साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या दिवशी उपास धरू नये. गोळी पोटात, अन्न नाही आणि वर 30 किलोमीटर चाल, यानं साखर एकदम उतरते. दरदरून घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ ही त्याची खूण. अशी खूण दिसली की शुद्धीवर असलेल्या बाईला लगेच साखर किंवा गूळ द्यायचा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, रुग्णवाहिका गाठा.

दुसरी गोष्ट पाळीची. पुष्कळ जणी वारीसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून परस्पर घेतात. रक्तात गाठी होण्याचा त्रास, बीपी किंवा यकृताचा आजार असलेल्या बाईला ती गोळी धोक्याची ठरू शकते. डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि आलीच पाळी, तर पॅड बदलत चालायचं. ज्या संतांच्या वाटेनं आपण चालतो त्यांत चोखोबांच्या सोयराबाईही आहेत. विटाळाच्या कल्पनेलाच त्यांनी शेकडो वर्षांपूर्वी प्रश्न विचारला होता.

पायांचं म्हणाल तर नवी चप्पल अजिबात नको. महिनाभर वापरलेली, मागून पट्टा असलेली घ्या. ओली कातडी घासली की फोड येतो. म्हणून पाय कोरडे ठेवा, मोजे भिजले तर बदला. फोड आलाच तर फोडू नका, धुऊन वर स्वच्छ पट्टी बांधा. घाटात लहान पावलं टाका आणि श्वासाच्या तालावर चाला. धावत चढून मध्येच बसून राहिलात की पाय आखडतात.

आपला मुलूख सपाट. बांधीच्या धुऱ्यावर कितीही चाललो तरी चढणीची सवय होत नाही. म्हणून मे महिन्यापासूनच रोज सकाळी उन्हाआधी नहराच्या पाळीवरून चाला. आधी तीन किलोमीटर, मग पाच, मग दहा. दोनदा तरी तुमसरकडच्या आंबागडाचा किल्ला चढून या. जिला तिथे छातीत दुखलं किंवा फार धाप लागली तिनं आधी तपासून घ्यावं.

जायचं कसं? वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट पुण्याला जाते. तिकीट आधीच काढा. एखाद्या दिंडीशी आधी बोलून ठेवा. दिंडीत जेवणाखाण्याचे पैसे भरतात, त्याला भिशी म्हणतात. सामान ट्रकमध्ये जातं, मुक्कामाला राहुटी असते. चालताना पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये वीणेकरी आणि मागे तुळस व हंडा डोक्यावर घेतलेल्या बाया. प्रत्येक दिंडीला नंबर असतो, रथापुढचा किंवा रथामागचा. तो नंबर आणि घरचा फोन चिठ्ठीवर लिहून पोलक्यात ठेवा. चुकलात तर तोच कामी येतो.

संध्याकाळी मुक्कामाला समाजआरती होते, ती आवर्जून पाहा. चोपदार दंड उंच करतो आणि लाखांचा समाज गप्प होतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतो, मग आरती होते. मला आपल्या गटाची सभा आठवली. आपल्यातही जी बोलत नाही तिचं आधी ऐकून घेतलं पाहिजे.

पुढच्या खेपेला मी पाणी पीत, शेंगदाणे खात चालले आणि घाटमाथ्यावर सगळ्यांबरोबर उभी राहिले. खाली वळणावळणानं पांढऱ्या टोप्या आणि डोक्यावरच्या तुळशी चढत येत होत्या. मला अडकवणारी ती आजी कोण होती, कुठली होती, मला ठाऊक नाही. पण दर घोटाला तिची आठवण येते.

तर पऱ्हे टाकून झाले की विचार करा. एक दिवस चालायचा, जायला-यायला दोन. घरच्यांशी बोला, शेजारणीला गुरांचं सांगून ठेवा. आणि निघताना पाण्याची बाटली विसरू नका.

रामकृष्णहरी.