पाचोळ्यातले फुलपाखरू

फुलपाखरू म्हटले की फूल आणि ऊन या दोन गोष्टी आपण गृहीत धरतो. आज आम्ही ज्याच्याविषयी सांगणार आहोत त्याला दोहोंचेही फारसे अगत्य नाही. इंग्रजीत त्याला ‘कॉमन ईव्हनिंग ब्राउन’ म्हणतात; शास्त्रीय नाव मेलॅनायटिस लीडा. लिनिअसने १७५८ साली त्याचे वर्णन केले. दिवसभर हे तपकिरी फुलपाखरू झाडाखालच्या पाचोळ्यात पंख मिटून बसते आणि दिवेलागणीला उडू लागते. फुलातल्या मधापेक्षा सडलेल्या केळ्याची त्याला ओढ अधिक. दिव्यावरही येते, म्हणून पुष्कळजण त्याला पतंग समजून सोडून देतात.

खरी मौज त्याच्या पोशाखात आहे. पावसाळी पिढीच्या मिटलेल्या पंखांवर कडेने ठसठशीत डोळे असतात : काळे वर्तुळ, मध्ये पांढरा ठिपका, भोवती पिवळे कडे. कोरड्या दिवसांतल्या पिढीत हे डोळे जवळजवळ नाहीसे होतात. पंख हुबेहूब वाळक्या पानासारखे, आणि त्यातही एकासारखे दुसरे नाही! एकेकाळी या दोन निराळ्या जाती मानल्या जात. अळ्या पाळून पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. गवतावर, भाताच्या पानांवर वाढणारी अळी ज्या हवेत वाढते, त्या हवेच्या उष्णतेवर व ओलाव्यावर पुढचा पोशाख ठरतो.

असे का व्हावे? उन्हाळ्यात पाचोळा मुबलक. हालचाल न करणे हेच संरक्षण. पावसाळ्यात सारे हिरवे होते, शिवाय अंडी घालण्यासाठी हिंडणे आले. अशा वेळी पक्ष्याची चोच अंगाऐवजी कडेच्या डोळ्यावर पडली तर पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो, असे शास्त्रज्ञ मानतात.

छायाचित्र घ्यायचे तर जाळे नको. आपल्या मोबाइलचा कॅमेराही पुरे. सायंकाळी झाडाखाली बशीत अति पिकलेले केळे ठेवावे. आपली सावली त्याच्यावर पडू न देता, उकिडवे बसून, हळूहळू पुढे सरकावे. पहिले चित्र दुरूनच घ्यावे. उडाले तर धावू नये. ते फार लांब जात नाही. कोठे बसले तेवढे नजरेने धरावे. कॅमेरा पंखाला समांतर हवा, नाहीतर डोळ्यांची रांग अर्धीच स्पष्ट येते.

मात्र बागेतला पाचोळा रोज झाडून जाळणाऱ्या घरी ते दिसण्याची आशा थोडी. स्वच्छतेच्या हौसेपोटी आपण त्याचे अंथरूण आणि पांघरूण दोन्ही जाळतो. कुंपणाकडचा एखादा कोपरा तसाच राहू द्यावा, तेथले गवतही. वैशाखात घेतलेल्या चित्रावर तारीख घालून ठेवा. श्रावणात त्याच कोपऱ्यात घेतलेले दुसरे चित्र शेजारी ठेवून पंखांवरचे डोळे मोजता येतील.